जिथे सूर्य ‘ती’ आहे

१ मे २०१९ रोजी टोकियोच्या राजवाड्यात नवे सम्राट नारुहितो यांच्यासमोर कापडात गुंडाळलेल्या दोन वस्तू आणून ठेवल्या गेल्या. एक तलवार आणि एक रत्न. तिसरी वस्तू म्हणजे आरसा. तो इसेच्या देवळात असतो, हलवला जात नाही. काही मिनिटांत विधी आटोपला. त्या दालनात राजघराण्यातली एकही स्त्री नव्हती. सम्राटपत्नी मासाकोही नव्हत्या, कारण या विधीला घरातल्या बायकांनी यायचे नाही असा रिवाज आहे. गंमत अशी की मंत्रिमंडळ मात्र निमंत्रित होते आणि त्यात तेव्हा एक मंत्री बाई होत्या. त्यामुळे आधुनिक काळात प्रथमच एक स्त्री या विधीला हजर राहिली, तीही राजघराण्याबाहेरची.

आता या तीन वस्तू कुणाच्या? जपानी पुराणकथा सांगते त्याप्रमाणे आरसा आणि रत्ने सूर्यदेवीला गुहेबाहेर काढण्यासाठी तिच्या दारात टांगली होती. तलवार तिच्या भावाला आठ डोक्यांच्या सापाच्या शेपटीत सापडली आणि त्याने ती बहिणीला नजर केली. मग त्या सूर्यदेवीने, अमातेरासूने, तिन्ही वस्तू आपल्या नातवाच्या हाती देऊन त्याला पृथ्वीवर राज्य करायला पाठवले. थोडक्यात, आजीने नातवाला दिलेला हा ठेवा. आज त्याच्या हस्तांतराच्या वेळी आजीच्या लेकीसुनांना दाराबाहेर थांबावे लागते.

मराठीत सूर्यही ‘तो’ आणि चंद्रही ‘तो’, त्यामुळे सूर्याला बाई म्हणायला आपली जीभ जरा अडखळते. जपानी पुराणात इझानागी हा आदिपुरुष मृत्युलोकाचा विटाळ धुवायला पाण्यात उतरतो. त्याने डावा डोळा धुतला तेव्हा सूर्यदेवी अमातेरासू जन्मली, उजवा डोळा धुतला तेव्हा चंद्रदेव त्सुकुयोमी, आणि नाक धुतले तेव्हा सुसानोओ, तोच तो वादळी भाऊ. बापाने गळ्यातली रत्नमाळ काढून थोरल्या लेकीला दिली आणि स्वर्गाचे राज्य तिला सांगितले. जपानचे सम्राट स्वतःला तिचे वंशज मानतात. आणि त्याच जपानचा कायदा सांगतो की सिंहासनावर पितृवंशातला पुरुषच बसेल.

या कायद्याची चर्चा निघाली की परंपरेचे रखवालदार देवांकडे बोट दाखवतात. माझे म्हणणे असे की दाराला लावलेले हे कुलूप देवांचे नाही. ते १८८९ चे आहे, ते बनवणारे कारागीर कोण होते हे ठाऊक आहे, आणि किल्ली जपानच्या संसदेच्या खिशात आहे. संसदेने ते उघडावे.

पण त्याआधी माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडतो. ‘मूळ पुरुषच देवी आहे, मग स्त्रीला सिंहासन का नाही?’ हा सवाल टाळ्या घेतो, पण युक्तिवाद म्हणून तो लंगडा आहे. देवी पुजणाऱ्या समाजात बाईला अधिकार मिळतोच असे नाही. हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. शिवाय याच कथांमध्ये उलट बाजूचा पुरावाही आहे. इझानागी आणि इझानामी हे पहिले जोडपे खांबाभोवती फेरी मारून समोरासमोर येते, तेव्हा इझानामी आधी बोलते, ‘किती देखणा पुरुष!’ त्या मीलनातून हातापायांत बळ नसलेले, जळूसारखे मूल जन्मते आणि त्याला वेताच्या होडीत घालून सोडून देतात. चूक काय झाली हे विचारायला दोघे स्वर्गात जातात. उत्तर मिळते की बाई आधी बोलली हेच अशुभ. पुन्हा फेरी, या वेळी तो आधी बोलतो, आणि मग जपानची बेटे जन्मतात. ज्याला बायकांना गप्प करायचे आहे त्याला पुराणात हा दाखला तयार मिळतो.

त्याहून मजेदार आहे तो शपथेचा प्रसंग. सुसानोओ बहिणीला भेटायला वर येतो तेव्हा डोंगर हादरतात. अमातेरासूला वाटते, हा राज्य बळकावायला आला. ती केस सोडवून पुरुषांसारखे दोन बाजूंना बांधते, पाठीला हजार बाणांचा भाता लावते, आणि मांड्या जमिनीत रुतेपर्यंत पाय आपटत उभी राहते. तो म्हणतो, माझ्या मनात पाप नाही. मग पारख कशी करायची? दोघांनी मुले निर्माण करून. ती त्याच्या तलवारीचे तीन तुकडे करते, चावते, आणि तिच्या श्वासाच्या धुक्यातून तीन मुली जन्मतात. तो तिच्या केसांतली आणि हातांतली रत्ने चावतो, आणि पाच मुलगे होतात. अमातेरासू निवाडा देते: मुलगे माझ्या रत्नांतून झाले म्हणून ते माझे, मुली तुझ्या तलवारीतून झाल्या म्हणून त्या तुझ्या. त्या पाचांतला थोरला म्हणजे राजवंशाचा पूर्वज. म्हणजे जन्म बापाच्या तोंडून, पण वंश रत्नांच्या मालकिणीचा! हा पितृवंश म्हणायचा की मातृवंश, हे ठरवायला बसलेल्या वकिलाला घाम फुटेल.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ही कथा दोन प्राचीन ग्रंथांत येते. ‘कोजिकी’ सन ७१२ चा, ‘निहोन शोकी’ सन ७२० चा. ‘कोजिकी’त सुसानोओ म्हणतो, माझे मन शुद्ध म्हणून मला कोमल मुली झाल्या, मी जिंकलो. ‘निहोन शोकी’च्या मुख्य पाठात नेमका उलटा नियम आहे: मुली झाल्या तर मन मलिन, मुलगे झाले तर शुद्ध. मधे वर्षे गेली आठ, दरबार तोच, आणि मुलगी होणे हा विजयाचा कौल की पापाचा, यावर दोन पोथ्यांचे एकमत नाही. ‘निहोन शोकी’चे संपादक तर इतके प्रामाणिक की मुख्य कथेखाली ‘दुसऱ्या एका ग्रंथात असे आहे’ म्हणून पर्यायी कथा एकामागून एक देतात. ज्या परंपरेने स्वतःचे पाठभेद असे जपून ठेवले, तिच्या नावाने आज कुणी ‘देवांची आज्ञा एकच’ म्हणू लागला तर त्याने ते ग्रंथ उघडलेले नाहीत, एवढेच मी म्हणेन.

आणि हे ग्रंथ सादर झाले कुणाला? ‘कोजिकी’ सम्राज्ञी गेन्मेईला. तिनेच ओ नो यासुमारोला तो लिहून काढायला सांगितले होते. ‘निहोन शोकी’ सम्राज्ञी गेन्शोला, म्हणजे गेन्मेईच्या मुलीला. आईने ७१५ मध्ये गादी सोडली आणि मुलगी बसली. ज्या दोन पोथ्यांच्या आधारावर राजवंशाचे दैवी मूळ सांगितले जाते, त्या दोन्ही पहिल्यांदा ज्यांच्यापुढे ठेवल्या गेल्या त्या राज्य करणाऱ्या बायका होत्या. त्याच्या थोडे आधी सम्राज्ञी जितो हिने ६९७ मध्ये गादी दिली ती मुलाला नव्हे, नातवाला. मुलगा आधीच वारला होता. गेन्मेईनेही गादी सांभाळली ती लहान नातवासाठीच. अमातेरासू आधी मुलाला पाठवणार असते आणि ऐन वेळी नातू निनिगीला पाठवते, या कथेमागे त्या काळच्या आज्यांचे राजकारण दिसते, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मलाही ते पटते. कथा राजघराण्यावर सावली धरते आणि राजघराणेही कथेवर.

जपानच्या इतिहासात स्वतःच्या हक्काने गादीवर बसलेल्या स्त्रिया आठ. त्यांतल्या दोघी दोनदा बसल्या, म्हणून राजवटी दहा. पहिली सुइको, सन ५९२ मध्ये. शेवटची गो-साकुरामाची, जिने १७७० मध्ये गादी सोडली. मधे एक भलीमोठी पोकळी आहे. सम्राज्ञी शोतोकु ७७० मध्ये वारली आणि पुढची स्त्री, मेइशो, बसली १६२९ मध्ये. शोतोकुच्या काळात दोक्यो नावाच्या भिक्खूला गादी द्यावी असा उसा हाचिमान देवाचा कौल आल्याचे सांगण्यात आले. खात्री करायला वाके नो कियोमारोला पाठवले, तो परत येऊन म्हणाला, देव म्हणतो राजवंशाबाहेरचा माणूस नको. पहिला कौल खरा की दुसरा, हे देवालाच ठाऊक. त्या प्रकरणाने बायकांच्या राज्याबद्दल दरबाराने जी धास्ती घेतली ती पुढे साडेआठशे वर्षे पुरली.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे आणि तो खरा आहे. या आठही जणी बापाकडून राजवंशातल्या होत्या. राजवंशाबाहेरच्या पुरुषापासून झालेल्या मुलाला त्यांपैकी एकीनेही गादी दिली नाही. गेन्शोला आईकडून गादी मिळाली खरी, पण तिचा बापही राजपुत्रच होता. पितृवंशाचा धागा आजवर तुटलेला नाही आणि तो एकदा तुटला की पुन्हा जोडता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ही भीती खोटी नाही. हजार-दीड हजार वर्षे टिकलेली कोणतीही गोष्ट मोडताना हात थबकावा.

फक्त तो धागा इतकी वर्षे टिकला कशाच्या जोरावर, हेही सांगायला हवे. उपपत्न्यांच्या. सम्राट मेइजी स्वतः नाकायामा योशिको या उपपत्नीचा मुलगा. त्याचा वारस सम्राट ताइशो यानागिहारा नारुकोचा, तीही उपपत्नीच. पट्टराणीला मुलगा झाला नाही तर दुसरी, तिसरी, चौथी, अशी ती व्यवस्था होती. १८८९ च्या राजगृह कायद्याने स्त्रीला गादी पहिल्यांदा लेखी नाकारली, पण उपपत्नीच्या मुलाचा हक्क शाबूत ठेवला. १९४७ च्या नव्या कायद्याने औरस संततीचीच अट घातली. काळ बदलला होता, ते योग्यच झाले. पण पुरुषाची अट तशीच ठेवली. खांब काढून घेतला आणि तुळई तिथेच लोंबकळत ठेवली. तेव्हापासून हे घर कलते आहे, त्यात देवाचा कोप शोधण्याचे कारण नाही.

१८८९ च्या त्या कलमामागचा विचार कुठल्या देवळात सुचलेला नाही. इनोउए कोवाशी हे मेइजी काळातले मोठे कायदेपंडित. स्त्रीच्या गादीला त्यांचा विरोध होता आणि कारण अगदी घरगुती होते. राणीने लग्न केले तर नवरा दुसऱ्या घराण्याचा, मुले त्या घराण्याची ठरणार, मग वंश बदलला. नवऱ्यापेक्षा बायको वरचढ हे प्रजेच्या पचनी पडणार नाही, हाही सूर त्या चर्चेत होता. एकोणिसाव्या शतकातल्या गृहस्थांनी आपल्या घरात जे पाहिले ते त्यांनी सम्राटाच्या घरात लिहून ठेवले. त्याच दशकात कोणता देव कोणत्या आसनावर हेही सरकारी पातळीवर ठरत होते. इझुमो या जुन्या देवस्थानाच्या पुजाऱ्यांची मागणी होती की त्यांच्या ओकुनिनुशी या देवाला राष्ट्रीय देवमंडळात मान मिळावा. अमातेरासूच्या इसे देवळाची बाजू अडून बसली आणि १८८१ मध्ये सम्राटाच्या निर्णयाने इझुमोची मागणी फेटाळली गेली. सरकारी निर्णयाने देवांची उतरंड लावून झाल्यावर ‘ही उतरंड अनादी आहे’ असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

अठराव्या शतकातला एक वाद इथे आठवतो. ‘कोजिकी’चा महान भाष्यकार मोतोओरी नोरिनागा पोथीतला शब्द न् शब्द खरा मानत असे. अमातेरासू म्हणजे आकाशात दिसतो तोच सूर्य, आणि ती जपानात जन्मली. त्याच्याशी भांडायला उभा राहिला उएदा आकिनारी, कथाकार. त्याने डच नकाशाचा दाखला दिला: या जगात जपान म्हणजे मोठ्या तळ्यावर पडलेले एक पान, आणि प्रत्येक देशाला आपली अशी कथा आहे, तुमची कथा दुसऱ्यांनी का मानावी? नोरिनागाने हार मानली नाही. पण आकिनारीचा प्रश्न जिवंत राहिला, आणि तो विचारणारा नास्तिक नव्हता हे महत्त्वाचे. कथेवर प्रेम करायला ती न्यायालयात पुरावा म्हणून लावावी लागत नाही.

आजचे नोरिनागा पोथीऐवजी जीवशास्त्र वापरतात. आद्य सम्राट जिम्मूचे वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणारे गुणसूत्र, आजवर अखंड चालत आले, म्हणून पितृवंश, असा युक्तिवाद या शतकाच्या सुरुवातीपासून जपानमध्ये केला जातो. हा जिम्मू पारंपरिक कालगणनेप्रमाणे इसवी सनापूर्वी ६६० मध्ये गादीवर बसला. ‘कोजिकी’प्रमाणे त्याची आजी समुद्रदेवाची मुलगी, बाळंतपणाच्या वेळी नवऱ्याने चोरून पाहिले तेव्हा ती भल्यामोठ्या जलचराच्या, कुणी म्हणतात मगरीच्या, कुणी म्हणतात शार्कच्या रूपात वळवळत होती. अशा कुळवृत्तांतावर गुणसूत्राची मोहर उठवणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही, हे कौतुकास्पदच.

एकदा हे दार उघडता उघडता राहिले. नारुहितो आणि मासाको यांची मुलगी आइको १ डिसेंबर २००१ ला जन्मली. १९६५ नंतर घराण्यात मुलगाच झालेला नव्हता. पंतप्रधान कोइझुमी यांनी नेमलेल्या समितीने २००५ मध्ये शिफारस केली की मुलगा असो वा मुलगी, पहिले अपत्य वारस मानावे. विधेयकाची तयारी सुरू झाली. मग तेव्हाच्या सम्राटाच्या धाकट्या सुनेला दिवस गेल्याची बातमी आली, ६ सप्टेंबर २००६ ला हिसाहितो जन्मला, आणि विधेयक बासनात गेले. म्हणजे तत्त्वाचा प्रश्न एका बाळंतपणाने ‘सोडवला’. मला ही त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत खेदाची गोष्ट वाटते. एखाद्या देशाने आपला राज्यविषयक कायदा गर्भाच्या लिंगावर सोपवावा आणि त्याला परंपरा म्हणावे!

आता दुसरा तोडगा पुढे आहे. १९४७ मध्ये राजघराण्याच्या अकरा शाखा सामान्य नागरिक झाल्या. त्यांतल्या पितृवंशीय पुरुषांना दत्तक घेऊन परत आणावे. दत्तकाचे राजकारण साताऱ्याच्या गादीचा इतिहास वाचलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १८४८ मध्ये दत्तक नाकारून ते राज्य खालसा झाले होते. पण जपानचा पेच निराळा. चालू कायद्याने राजघराण्याला दत्तक घ्यायला मनाई आहे, म्हणजे कायदा बदलायचाच आहे. आणि ज्यांना आणायचे त्यांचा आजच्या सम्राटांशी पितृवंशातून जुळणारा समान पूर्वज सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा. सम्राटाची सख्खी मुलगी परकी आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या फांदीवरचा मुलगा घरचा! कायदा बदलण्याची तयारी असेलच, तर जवळचे दार सोडून खिडकीतून शिरण्याचा हा खटाटोप कशाला?

सुमारे ८०,००० देवळांची संघटना जिन्जा होन्चो पितृवंशाच्या बाजूने उभी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानला पहिली स्त्री पंतप्रधान मिळाली, ताकाइची सानाए, आणि त्याही याच नियमाच्या ठाम पाठिराख्या आहेत. देश चालवायला बाई चालते. विधीच्या वस्तू स्वीकारायला नाही. जनमत मात्र चाचणीमागून चाचणीत मोठ्या बहुमताने स्त्रीच्या बाजूने येते. जपानच्या संविधानाचे पहिले कलम सम्राटाला राष्ट्राचे प्रतीक म्हणते आणि त्याचे स्थान जनतेच्या इच्छेवर उभे करते. त्यात सूर्यदेवीचे नाव नाही. दुसरे कलम सांगते की गादी वंशपरंपरेने, संसदेने केलेल्या कायद्याप्रमाणे चालेल. ‘पुरुष’ हा शब्द संविधानात नाही, साध्या कायद्यात आहे. मला राजेशाहीचे फारसे प्रेम नाही. पण ठेवायचीच असेल तर जनतेच्या प्रतीकाने निम्म्या जनतेला आरंभीच वगळू नये.

ज्यांना वाटते की हा शिंतोच्या, म्हणजे जपानच्या देशी धर्माच्या, पावित्र्याचा प्रश्न आहे, त्यांनी दोन जागा शेजारी ठेवून पाहाव्यात. शपथेतून जन्मलेल्या त्या तीन मुली म्हणजे मुनाकाताच्या देवी. त्यांतल्या एकीचे ठाणे ओकिनोशिमा बेटावर आहे, २०१७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्या देवीच्या बेटावर बायकांना पाऊल ठेवायला परंपरेने बंदी. दुसरी जागा इसे, खुद्द अमातेरासूचे देऊळ. तिथे जुन्या काळी सम्राटाच्या घरातली अविवाहित मुलगी देवीच्या सेवेला पाठवत. चौदाव्या शतकात ती प्रथा संपली. पण आज इसेची प्रमुख पुजारीण कोण? कुरोदा सायाको, आजच्या सम्राटांची बहीण. २००५ मध्ये सामान्य नागरिकाशी लग्न केले म्हणून कायद्याने त्यांना राजघराण्यातून बाहेर काढले, आणि २०१७ पासून त्या त्याच घराण्याच्या मूळ देवीच्या सर्वोच्च सेविका आहेत. महायुद्धानंतर हे पद राजघराण्यात जन्मलेल्या आणि पुढे त्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांकडेच आले आहे. देवीला सेवेसाठी ही मुलगी चालते. तिला नाही म्हणतो तो राजगृह कायदा.

इसेचे देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. बासष्टावी खेप २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये, आणि तिचे विधी २०२५ पासून सुरूही झाले आहेत. २०३३ मध्ये हिसाहितो सत्तावीस वर्षांचा असेल. त्याच्या पिढीत तो एकटाच वारस. सम्राटपत्नी मासाको १९९३ मध्ये लग्न करून त्या घरात आल्या तेव्हा परराष्ट्र खात्यातल्या हुशार अधिकारी होत्या. पुढे सारा देश त्यांच्या पोटाकडे पाहत राहिला, २००४ मध्ये त्यांच्या आजारपणाची बातमी आली, आणि त्याच वर्षी त्यांच्या नवऱ्याला पत्रकारांसमोर सांगावे लागले की आपल्या पत्नीची कारकीर्द आणि व्यक्तिमत्त्व नाकारण्याचे प्रकार झाले आहेत. हिसाहितोशी लग्न करणारी मुलगी आज जपानमध्ये कुठेतरी शिकत असेल. तिला हे वाचायला बंदी नाही.